केअर सेंटर पारखताना आधी टाचा बघा

आई किंवा वडिलांना केअर सेंटरमध्ये ठेवायचं ठरतं ते बहुतेक वेळा घाईत. खुब्याचं हाड मोडलेलं असतं, हॉस्पिटल म्हणतं उद्या डिस्चार्ज, घरी दिवसरात्र करणारं कोणी नसतं आणि ब्यूरोची बाई तिसऱ्याच दिवशी गावाला गेलेली असते. मग ओळखीतल्या कुणीतरी दिलेला नंबर, मोबाइलवरचे फोटो आणि एका फेरीत निर्णय. त्या फेरीत दिसतं ते रिसेप्शन, तुळशीवृंदावन आणि टीव्हीसमोर बसवलेली चार-पाच हसरी आजी-आजोबा मंडळी. जागेची परीक्षा मात्र शेवटच्या खोलीत होते, जिथे स्वतःहून कूसही बदलू न शकणारा माणूस पडून असतो. ज्याला तक्रार करता येत नाही त्याची तिथे कशी काळजी घेतली जाते, ते बघायला जायचं आहे.

अमेरिकेत केंद्र सरकार नर्सिंग होमना २००८ पासून १ ते ५ तारे देतं आणि ते कुणालाही इंटरनेटवर बघता येतात. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशनचे निरीक्षक जाऊन शेरा देतात. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसांना ही सवय असते, आणि इथे आल्यावर ते हमखास विचारतात, रेटिंग कुठे मिळेल? असं सरकारी रेटिंग आपल्याकडे नाही. नकाशावरचे पाच तारे बहुधा भेट देऊन गेलेल्या नातेवाइकांचे असतात, आत राहणाऱ्यांचे नसतात. म्हणून पारख आपली आपणच करायची.

पाटीवर काय आणि कागदावर काय

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की दहा-वीस खाटांचं छोटं खासगी हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. म्हाताऱ्या माणसांच्या जागांना वृद्धाश्रम, केअर सेंटर, शुश्रूषा केंद्र, रिहॅब सेंटर अशी काहीही नावं असतात आणि नावावरून आतलं काही कळत नाही. चालत्या-फिरत्या लोकांचा वृद्धाश्रम एखाद्या ट्रस्टचा असतो आणि त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नाकात नळी, लघवीची पिशवी, ऑक्सिजन असलेले पेशंट घेणारी जागा ही वेगळी गोष्ट. महाराष्ट्रातला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे आणि त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी माणसांबरोबर दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागाही येते. त्यामुळे 'तुमची नोंदणी कुठली?' हा प्रश्न आगाऊपणाचा नाही, आणि तो विचारताना संकोच करू नका. शहरात ही नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. २०२१ मध्ये नियम सुधारले, तेव्हापासून नोंदणीकृत जागेने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. प्रमाणपत्राची मुदत आणि त्यावर लिहिलेली खाटांची संख्या बघा, मग आत प्रत्यक्ष खाटा मोजा. १५ खाटांची परवानगी आणि आत २८ माणसं, असं असेल तर पुढचं फारसं विचारायची गरज उरत नाही.

नुसतं 'आमच्याकडे गुमास्ता आहे' असं उत्तर आलं, तर ते दुकानाचं उत्तर झालं. चालत्या माणसाच्या राहण्या-जेवणापुरतं एक वेळ चालेल. बेड पेशंटसाठी नाही.

जाण्याआधी एक कागद भरा

आपल्या माणसाला काय काय स्वतःला जमतं ते लिहून काढा. उठून बसणं, संडासला जाणं, जेवणं, आंघोळ, कपडे, गोळ्या आठवणीने घेणं. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण: स्वतः, आधाराने, पूर्ण दुसऱ्यावर. वजन, सगळ्या गोळ्या, शेवटची साखर, याआधी कधी पडले ते, रात्री किती वेळा उठतात, कवळी-चष्मा-कानातलं मशीन आहे का, भाषा कुठली बोलतात, हे सगळं त्यात घ्या. फोनवर 'थोडं धरावं लागतं' असं मोघम सांगितलं की दर एक निघतो, आणि आठवड्याने 'तुमचे वडील तर बेड केस आहेत' म्हणून पाच-सात हजार वाढतात. कागद दाखवून दर विचारला की तो वाद टळतो.

तीन फेऱ्या, तीन वेगळ्या वेळा

पहिली फेरी सांगून. दुसरी न सांगता, दुपारच्या जेवणाला. तिसरी रात्री आठनंतर किंवा रविवारी, जेव्हा मॅनेजर आणि फिजिओथेरपिस्ट दोघंही नसतात. 'इन्फेक्शन होतं म्हणून आत सोडत नाही' असं सांगून कायम बाहेरच्या सोफ्यावर भेट घडवणारी जागा नको. वेळेची बंधनं ठीक आहेत, पण राहण्याची खोली, संडास आणि स्वयंपाकघर बघायला मिळालंच पाहिजे.

वास आधी येतो. डायपर बदलत असताना वास येणारच. अर्ध्या तासाने तिथेच परत जा, वास गेला असेल तर काम चालू आहे. सगळ्या मजल्यावर सारखाच, शिळा लघवीचा वास म्हणजे गाद्यांत मुरलेला. आणि फिनेल किंवा उदबत्तीचा वास डोक्यात जाण्याइतका असेल, तर तो कशावर घातलेला आहे हे शोधा.

खाटेजवळची बेल स्वतः दाबा आणि घड्याळ लावा. ५ मिनिटांत कोणी आलं तर उत्तम. बेल वाजतच नाही, वायर गुंडाळून गादीखाली ठेवलेली आहे किंवा पेशंटचा हात पोचत नाही अशा ठिकाणी आहे, हे प्रकार फार आढळतात. मावशी आत आल्यावर आधी कुणाशी बोलतात तेही ऐका. 'काय हवंय आजी?' आणि 'काय झालं हिला?' या दोन वाक्यांत बराच फरक आहे.

टाचा, माकडहाड आणि कूस बदलण्याचा तक्ता

पडून असलेल्या माणसाच्या हाडाखालची कातडी गादीवर दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच इजा सुरू होऊ शकते. हाच बेडसोर. जागा ठरलेल्या: टाचा, माकडहाड, खुबे, घोटे, खांदे, डोक्याची मागची बाजू. पहिली पायरी म्हणजे लाल डाग, जो बोटाने दाबून सोडला तरी पांढरा पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसत नाही, जांभळट किंवा काळपट दिसतो, आणि हाताला तेवढाच भाग गरम किंवा कडक लागतो. इथे पकडलं तर दाब काढल्यावर भरून येतं. कातडी फुटली की महिने जातात, आणि हाडापर्यंत गेलं तर जिवावर बेतू शकतं.

उपाय जुना आणि कष्टाचा आहे: दर २ तासांनी कूस बदलणं, टाचा उशीवर अशा ठेवणं की त्या गादीला टेकत नाहीत, आणि कातडी कोरडी ठेवणं. एअर मॅट्रेस मदत करते, कूस बदलण्याची जागा घेत नाही. मॅट्रेस दाखवतील तेव्हा पंप चालू आहे का, त्यावरचं वजनाचं बटण पेशंटच्या वजनाला लावलंय का हे बघा, आणि माकडहाडाच्या खाली मॅट्रेस आणि खाट यांच्यामध्ये हात घालून बघा. माणसाचं हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. लाल झालेल्या जागी स्पिरिट लावून चोळणं आणि माकडहाडाखाली रबरी रिंग ठेवणं या दोन्ही गोष्टी आता करू नयेत असं सांगितलं जातं, कारण चोळण्याने आतली इजा वाढते आणि रिंगच्या कडेने रक्त अडतं. या गोष्टी अजून चालू असतील तर तिथल्या सिस्टरचं शिक्षण कधीच थांबलंय असं समजा.

दुसऱ्याच्या अंगावरची चादर तुम्ही उचलू शकत नाही, उचलूही नये. कूस बदलण्याचा तक्ता मात्र मागता येतो. सकाळी ११ ला गेलात आणि तक्त्यावर दुपारी २ आणि ४ च्या खुणा आधीच झालेल्या असतील, किंवा आठवडाभराच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने एकाच तिरकेपणाने केलेल्या असतील, तर तो तक्ता तुमच्यासाठी आहे, पेशंटसाठी नाही. खरा तक्ता थोडा घाण असतो. कुठे १० ऐवजी १०.२० असतं, कुठे 'फिजिओ चालू' असं लिहिलेलं असतं.

मग सरळ विचारा: आत्ता किती जणांना बेडसोर आहे, आणि त्यातले इथे आल्यावर किती झाले? 'आमच्याकडे कुणालाच नाही' हे उत्तर वीस बेड पेशंट असलेल्या जागेत जरा जास्तच चांगलं आहे. 'तिघांना आहे, दोन हॉस्पिटलमधून घेऊन आले, एकाला इथे झाला, ड्रेसिंग एक दिवसाआड चालू आहे' हे उत्तर देणाऱ्या माणसावर जास्त विश्वास ठेवता येतो.

चादर न उचलता दिसणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. ओठ सुकलेले, जिभेवर पांढरा थर, वाढलेली नखं आणि त्यात मळ, डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकटलेला चिपडा. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि अंग खाजवणारी तीन-चार माणसं म्हणजे खरूज पसरलेली असण्याची शक्यता. एकाला झाली तर जागा वाईट ठरत नाही, पण एकालाच मलम लावून भागत नाही. सगळ्यांना आणि मावशी-मामांनाही एकाच वेळी औषध आणि चादरी-कपडे गरम पाण्याने धुणं, हे केलं का ते विचारा. सगळ्या बायकांचे केस सरसकट बॉयकट केलेले दिसले तर ते कुणाच्या सोयीसाठी आणि कुणाला विचारून, हेही.

जेवणाचं गणित

दुपारच्या फेरीत एक साधा हिशेब करा. भरवावं लागणाऱ्या एका माणसाला नीट जेवायला २० ते ३० मिनिटं लागतात. असे आठ जण आणि भरवणाऱ्या दोन मावशी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला चार, म्हणजे दीड-दोन तास. तिथलं जेवण साडेबाराला सुरू होऊन एकला आवरत असेल, तर अर्धं ताट परत जातंय किंवा घास कोंबले जाताहेत. कोंबलेला घास ठसका लागून श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो. भरवताना माणूस सरळ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, आणि पुढचा घास आधीचा गिळल्यावर. आडवं झोपवून भरवणं दिसलं तर दुसरी जागा बघा.

नाकातल्या नळीचं वेगळं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि फीड दिल्यावरही अर्धा ते एक तास तशीच. देण्याआधी नळी जागेवर आहे का हे दर वेळी तपासायचं; नाकाशी नळीवर किती सेंटिमीटरची खूण होती ती नोंदलेली असते, नळी सरकली की ती बदलते. एका वेळी साधारण २०० ते २५० मिली, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्याने ढकलायचं नाही. नंतर ३० मिलीच्या आसपास पाणी, नाहीतर नळी चोंदते. बसून बघितलंत तर पंधरा मिनिटांत कळतं की सिस्टरला काम येतंय की ती उरकतेय.

ताटात काय आहे? पातळ वरण, भात, बटाटा आणि संध्याकाळी खिचडी, हा ठरलेला फेरा. उतारवयात अंगावरचं मांस झडतं, त्यामुळे प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम तरी लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर ठरवतील तेवढी. ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. एक अंडं साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दूध तितकंच, वाटीभर घट्ट वरणही जवळपास तितकंच. पाण्यासारख्या वरणावर हा आकडा गाठला जात नाही, हे स्वयंपाकघरात उभं राहूनच कळेल. रात्रीचं जेवण साडेसहाला आणि सकाळचा नाश्ता नऊला असेल तर मधे साडेचौदा तास उपास घडतो. इन्सुलिनवर असलेल्या माणसाची साखर त्यात पहाटे घसरू शकते, म्हणून झोपताना दूध-बिस्किट तरी मिळतं का ते विचारा.

शेवटी वजनाचं रजिस्टर. महिन्यातून एकदा प्रत्येकाचं वजन व्हायलाच हवं. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर ती धोक्याची खूण; ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो म्हणजेच. 'बेड पेशंटचं वजन कसं करणार?' असं म्हणाले तर खुर्चीवर बसवून करता येतं, आणि तेही जमत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजता येतो. काहीतरी मोजतात का, एवढाच प्रश्न आहे.

गोळ्या, इन्सुलिन आणि फार शांत असलेला हॉल

प्रत्येक पेशंटचा औषधांचा वेगळा तक्ता, आणि गोळी दिल्यावर देणाऱ्याची सही. गोळ्या स्ट्रिपसकट पेशंटच्या नावाच्या डब्यात असाव्यात. सकाळीच सगळ्यांच्या गोळ्या सोलून वाट्यांत काढून ठेवलेल्या दिसल्या तर अदलाबदल कधीतरी होणारच, कारण दोन पांढऱ्या गोल गोळ्यांत कुणालाच फरक कळत नाही. नळीतून औषध देताना सगळ्या गोळ्या एकत्र कुटून देण्याची पद्धत असते. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम जातो. अशा गोळ्यांचं काय करता, हे विचारा. 'डॉक्टरांकडून सिरप किंवा दुसरी गोळी लिहून घेतो' हे बरोबर उत्तर.

फ्रिज उघडून बघा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख हवी, कारण बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर साधारण २८ दिवसच वापरायचं असतं. साखर ७० च्या खाली गेली तर काय करता, हे मॅनेजरला नको, रात्रपाळीच्या माणसाला विचारा. शुद्धीत असेल तर साखर-पाणी, १५ मिनिटांनी परत तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता गाडी. हे त्याला अडखळत का होईना सांगता आलं पाहिजे.

आता एक नाजूक गोष्ट. सकाळी अकराला हॉलमध्ये सगळे माना टाकून पेंगत असतील तर ती शिस्त नाही. रात्री हाका मारणाऱ्या, उठून फिरणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला झोपेचं किंवा मानसिक आजाराचं औषध वाढवून गप्प ठेवणं स्वस्त पडतं. अशा वयस्क पेशंटमध्ये अँटिसायकोटिक गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच छापायला लावला आहे. कधीकधी त्या लागतात, नाही असं नाही. पण कुणी लिहून दिल्या, किती दिवसांसाठी आणि पुन्हा कधी तपासणार, हे कागदावर हवं आणि घरच्यांना आधी माहीत हवं. तीच गोष्ट हात बांधण्याची. खाटेच्या दांड्याला ओढणीचा किंवा पट्टीचा तुकडा लोंबत असेल तर तो कशासाठी, ते विचारा. नळी ओढतात म्हणून बांधतो, हे उत्तर फार ऐकू येतं. हाताला मऊ पिशवीवजा मोजे घालणं, नळी नजरेआड चिकटवणं, जवळ बसणं हे आधी करून बघायचं असतं.

रात्री किती माणसं?

'आमचा स्टाफ २५ आहे' या वाक्याला अर्थ नाही. त्यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, माळी आणि अकाउंटवालाही असतो. विचारायचं ते हे: आज रात्री दोन वाजता, जागी, अंगावर काम करणारी माणसं किती? हिशेब करून बघा. दहा बेड पेशंट, प्रत्येकाला वळवायला दोघं आणि साधारण ६ मिनिटं, म्हणजे एका फेरीला तास. फेरी दर दोन तासांनी. त्यात चार डायपर आणि एखादी ओली चादर. म्हणजे दोन माणसं रात्रभर या दहांवरच पुरी होतात, आणि बाकीच्या वीस जणांपैकी कुणी संडासला उठलं तर धरायला तिसरं माणूस लागतं. तीस खाटांना रात्री एक मामा आणि एक मावशी, तेही दिवसाची बारा तासांची पाळी ओढून डबल केलेले, असं असेल तर मालक कितीही सज्जन असो, कूस बदलली जाणार नाही.

नर्स कोण आहे तेही नेमकं विचारा. जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेल्या सिस्टरची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक असतो. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी सिस्टर नसते. सहा महिन्यांचा कोर्स केलेली सहायक आणि नुसती कामावर शिकलेली मावशी यांची कामं वेगळी आहेत. अनुभवी मावशी कूस बदलण्यात पदवीधरापेक्षा सरस असेल, पण इन्सुलिन तिने द्यायचं नाही.

मावशींशी मॅनेजर नसताना दोन मिनिटं बोला. इथे किती वर्षं आहात? सुट्टी मिळते का? झोपता कुठे? पाच वर्षांपासूनच्या दोन-तीन मावशी असलेली जागा सहसा बरी असते. सगळेच तीन महिन्यांपूर्वी आलेले असतील, तर माणसं टिकत नाहीत, आणि माणूस ओळखणारं कुणीच तिथे नाही. भाषेचंही बघा. स्मृतिभ्रंश वाढतो तशी मागून शिकलेली भाषा आधी जाते. आयुष्यभर हिंदी-इंग्रजीत नोकरी केलेले काका शेवटी मालवणीतच पाणी मागतात, आणि ते कळणारं निदान एक माणूस पाळीत लागतं. बंगळूर, हैदराबादेत आई-वडिलांना ठेवणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

बाकीचं झटपट

लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली आणि जमिनीला न टेकलेली हवी. कॅथेटर कधी घातला ती तारीख लिहिलेली हवी. साधा लॅटेक्सचा साधारण २ ते ४ आठवड्यांनी बदलतात, पूर्ण सिलिकॉनचा फार तर १२ आठवडे चालतो. वापरलेल्या सुया पांढऱ्या, टोक न घुसणाऱ्या डब्यात, नळ्या लाल पिशवीत, रक्ता-पुवाची ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत.

खिशात टेप ठेवा. संडासाचा दरवाजा व्हीलचेअर जाईल एवढा, ८० ते ९० सेंटिमीटर हवा. आत धरायला दांडे, ओढून बघा, हलता कामा नयेत. कडी बाहेरून उघडता येणारी. उंबरे आणि आंघोळीनंतर ओली राहणारी गुळगुळीत फरशी, इथेच माणसं पडतात. वरच्या मजल्यावर बेड पेशंट असतील तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का? वीज गेली तर ऑक्सिजनचं मशीन कशावर चालतं, आणि ते तोंडी सांगतात की चालवून दाखवतात? आग विझवण्याच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात हवा. रात्री मुख्य दाराची किल्ली कुणाच्या कमरेला असते, हे दोन जणांना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली पाहिजेत.

करार, पैसे आणि न विचारले जाणारे दोन प्रश्न

महिन्याच्या आकड्यात काय येतं आणि काय येत नाही, हे लेखी घ्या: डायपर, औषधं, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, अँब्युलन्स, धुणं. दिवसाला चार डायपर धरले तर महिन्याला १२० होतात. बिलात १८० दिसले तर वापर दाखवा म्हणा. ६० दिसले तर ते जास्त वाईट, कारण माणूस ओल्यात पडतोय. डिपॉझिट किती दिवसांत परत, मधेच हॉस्पिटलमध्ये हलवलं तर त्या दिवसांचे पैसे कसे, आणि सोडताना किती दिवसांची नोटीस, ही तीन वाक्यं करारात नसतील तर घालायला लावा. एक महिना चाचणी म्हणून ठेवता येतं का तेही विचारा.

पहिला अवघड प्रश्न: रात्री दोन वाजता श्वास लागला तर कुठल्या हॉस्पिटलला, कशाने, कुणाच्या सहीने नेणार? '१०८ ला फोन करतो आणि तुम्हाला कळवतो' इतकंच पुरेसं नाही. तुम्ही फोन उचलला नाहीत तर थांबणार की हलवणार, ते ठरवून लिहून द्या. दुसरा: तिथे मृत्यू झाला तर कारणाचा दाखला कोण देणार? हॉस्पिटल नसलेल्या ठिकाणच्या मृत्यूसाठी ४ अ नमुन्यात शेवटच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरांची सही लागते, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. जोडलेला डॉक्टर महिनोन्महिने येतच नसेल तर ऐन वेळी कुणी सही करायला तयार होत नाही. म्हणून डॉक्टरांच्या भेटींचं रजिस्टर आधी बघा.

ठेवल्यानंतर

आत घेताना त्यांच्या सिस्टरसमोर अंगाची पूर्ण तपासणी करून घ्या. जुन्या जखमा, डाग, माकडहाड, टाचा यांचे तारखेसह फोटो, वजन, आणि सोबत दिलेल्या वस्तूंची यादी. यात तुमचंही रक्षण आहे आणि त्यांचंही. दागिने आणि एटीएम कार्ड घरीच.

पहिले पंधरा दिवस वेळा बदलून जा. प्रत्येक भेटीत पाच मिनिटं शरीराला द्या: मोजे काढून टाचा, कुशीवर वळवून माकडहाड, तोंड उघडून जीभ, नखं, आणि डायपर हाताने. हे करताना संकोच वाटतो, विशेषतः मुलाला आईच्या बाबतीत. तिथे बहीण, सून किंवा सिस्टरला सोबत घ्या. कवळी आणि चष्मा त्यांचाच आहे ना तेही बघा, हॉलभर अदलाबदल होते. परदेशातून व्हिडिओ कॉलवर हसरा चेहरा दाखवतात. तुम्ही टाचा, वजनाच्या काट्यावरचा आकडा आणि आजचा औषधाचा तक्ता दाखवायला सांगा, आणि महिन्यातून एकदा इथल्या कुणाला तरी न सांगता पाठवा.

तक्रार आधी मॅनेजरकडे, तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर तारखेसह. दोनदा सांगून फरक पडला नाही तर नोंदणी देणारा आरोग्य विभाग आहे. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे, ती वाट दाखवते. मारहाणीचे वळ, दंडावर बोटांचे ठसे, कारण न सांगता येणारं फ्रॅक्चर, लपवलेला बेडसोर, किंवा अचानक 'भेटायला येऊ नका' असा निरोप, यांत तक्रारीच्या उत्तराची वाट बघत बसू नका. फोटो काढा, डॉक्टरांना दाखवून लेखी घ्या, पोलिसांत कळवा आणि माणूस त्याच दिवशी हलवा. निघताना औषधांच्या तक्त्याची प्रत, साखर-बीपीच्या नोंदी, शेवटचं ड्रेसिंग कधी आणि कशाने केलं ते, कॅथेटरची आणि नळीची तारीख, उरलेल्या गोळ्या स्ट्रिपसकट, आणि डिपॉझिटची पावती हातात घ्या.